आठ वर्षांचा उपग्रह, चार वर्षांचे विद्यार्थी

२०१६ साली तीन महिन्यांच्या अंतराने महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी बनवलेले दोन उपग्रह श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेले. २२ जूनला पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने एकूण वीस उपग्रह नेले, त्यांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे सीओईपीचा, 'स्वयम्' होता. २६ सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी३५ बरोबर मुंबई आयआयटीचा 'प्रथम' गेला. 'स्वयम्' म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूचा, जेमतेम एक किलो वजनाचा घन. 'प्रथम' त्याच्या दहापट वजनाचा. वर्तमानपत्रांनी दोघांचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. विद्यार्थ्यांनी आठ वर्षे खपून उपग्रह घडवला, अशा अर्थाचे मजकूर त्या काळात सगळीकडे वाचायला मिळाले.

या वाक्यात एक गोम आहे. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. मग आठ वर्षे खपणारा विद्यार्थी कोण? असा विद्यार्थी नव्हताच. 'स्वयम्'चे काम २००८ मध्ये सुरू झाले आणि त्यावर दीडशेहून अधिक विद्यार्थ्यांचे हात फिरले. 'प्रथम'ची सुरुवात २००७ मध्ये दोघा विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून झाली, इस्रोशी करार झाला २००९ मध्ये, आणि उड्डाणाच्या दिवशी सुरुवातीची मंडळी पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडली होती. पहिल्या वर्षी विद्यार्थी नवखा असतो, शेवटच्या वर्षी नोकरीच्या मुलाखती आणि परदेशी विद्यापीठांचे अर्ज असतात. खऱ्या कामाची दोन-अडीच वर्षे हाती लागतात. म्हणजे आठ वर्षांच्या प्रकल्पात किमान तीन पिढ्या होऊन जातात. ज्याने आराखडा काढला त्याने बांधले नाही, आणि ज्याने बांधले त्याने उडताना पाहिले नाही.

अशा प्रकल्पांचे मोल नेमके कशात आहे आणि ते कुठे वाया जाते, याचा विचार आम्हाला येथे करायचा आहे. कौतुकाच्या गर्दीत तो राहून जातो.

प्रथम नेहमीचा प्रकल्प पाहू. शेवटच्या वर्षाचा 'बीई प्रोजेक्ट' तीन-चार जणांनी मिळून करायचा असतो. कागदावर तो वर्षभराचा, प्रत्यक्षात बहुधा शेवटच्या दोन महिन्यांचा. काळ्या बांधणीचा अहवाल तयार होतो, ज्याला सगळे 'ब्लॅक बुक' म्हणतात. बाहेरचे परीक्षक येतात, पंधरा मिनिटे तोंडी परीक्षा होते, गुण पडतात आणि ते पुस्तक विभागाच्या कपाटात जाते. पुढच्या वर्षीच्या मुलांनी ते उघडले तर नक्कल करण्यासाठीच. तयार प्रकल्प विकणारी दुकाने प्रत्येक मोठ्या शहरात आहेत, हे शिक्षकांना ठाऊक आहे, पालकांनाही ठाऊक आहे. अशा प्रकल्पात कुणी प्रामाणिकपणे राबलेच तरी एक गोष्ट त्याला कधीच भेटत नाही, ती म्हणजे दुसऱ्याने अर्धवट सोडलेले काम पुढे नेणे. नोकरीत मात्र पहिल्या दिवसापासून तेच करावे लागते. कुठलाही कारखाना नव्या माणसाची वाट पाहत कोऱ्या कागदावर थांबलेला नसतो.

दीर्घ प्रकल्पाची खरी शिकवण येथे आहे. उपग्रह हे त्याचे एक रूप. 'स्वयम्'मधली एक गोष्ट घेऊ, कारण ती शाळेच्या प्रयोगशाळेतही दाखवता येते.

उपग्रहाचे तोंड एका ठरलेल्या दिशेला राहावे लागते, नाहीतर अँटेना कुठेही वळेल आणि संदेश नीट पोहोचणार नाही. मोठ्या उपग्रहांत यासाठी फिरती चाके आणि छोटे अग्निबाण असतात. एक किलोच्या डब्यात त्यांना ना जागा, ना वीज. 'स्वयम्'च्या विद्यार्थ्यांनी निवडलेला मार्ग वीज न लागणारा होता. आत एक कायमचा चुंबक बसवायचा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात तो होकायंत्राच्या सुईसारखा वळतो आणि आपल्याबरोबर सगळा उपग्रह वळवतो.

एवढ्याने भागत नाही, हे समजण्यासाठी एक पट्टीचुंबक दोऱ्याने मधोमध टांगून पाहा. तो उत्तर-दक्षिण दिशेत एकदम स्थिर होत नाही. पुढे जातो, मागे येतो, बराच वेळ हेलकावे खातो. शेवटी थांबतो तो हवेच्या विरोधामुळे आणि दोऱ्याच्या पिळामुळे. अवकाशात यांपैकी काहीच नाही, तेथे तो डोलतच राहील. म्हणून चुंबकाला काटकोनात सहज चुंबकित होणाऱ्या मिश्रधातूच्या बारीक कांड्या बसवतात. उपग्रह डोलला की पृथ्वीच्या क्षेत्रात या कांड्या एकदा एका दिशेने, एकदा उलट दिशेने चुंबकित होतात. प्रत्येक उलटापालटीत थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्च होते. पदार्थाच्या या गुणाला हिस्टेरिसिस म्हणतात. डोलणे हळूहळू मंदावते. गंमत अशी, की ध्रुवावरून ध्रुवाकडे जाणाऱ्या कक्षेत पृथ्वीच्या क्षेत्राची दिशाच सतत बदलत असते, त्यामुळे उपग्रह सुमारे दीड तासाच्या एका प्रदक्षिणेत स्वतःभोवती दोनदा वळतो.

आता निवड पाहा. चुंबक जास्त जोरदार घेतला तर दिशा घट्ट धरली जाते, पण त्याच्याच क्षेत्राने कांड्या काठोकाठ चुंबकित होऊन बसल्या तर त्या पुढे ऊर्जा गिळणार नाहीत. कमी जोराचा घेतला तर दिशाच धरणार नाही. एकदा उडाल्यावर पेचकस घेऊन जाता येत नाही. हा निर्णय कुणीतरी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने गणित मांडून घ्यायचा आणि पदवी घेऊन जायचे. त्यानंतर आलेल्याने तो मान्य करायचा, की नव्याने तपासायचा? मान्य करायचा असेल तर कशाच्या आधारावर?

आम्ही अशा गटांशी जेवढे बोललो आहोत त्यावरून दोन प्रवृत्ती स्पष्ट दिसतात. पहिली म्हणजे मोडून पुन्हा मांडायची. नवी तुकडी येते, जुने आराखडे पाहते, तिला ते पसंत पडत नाहीत, आणि पहिल्यापासून सुरुवात होते. यात तारुण्याचा उत्साह असतो, पण आळसही असतो. दुसऱ्याचे गणित समजून घेण्यापेक्षा स्वतःचे करणे सोपे वाटते. अशाने प्रकल्प वर्षानुवर्षे दुसरीतच राहतो. दुसरी प्रवृत्ती याच्या उलट, आणि आमच्या मते अधिक घातक. जुने आहे ते परंपरा म्हणून चालवायचे.

याचा एक अनुभव सांगतो. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये मुले 'बाहा' स्पर्धेची गाडी बांधत होती. खडबडीत रस्त्यावर धावणाऱ्या एका आसनाच्या या गाड्यांची स्पर्धा अमेरिकेत १९७६ साली सुरू झाली आणि भारतात २००७ पासून इंदूरजवळच्या पिथमपूरला भरू लागली. बरीच वर्षे सर्वांना दहा अश्वशक्तीचे एकाच प्रकारचे इंजिन वापरावे लागे, त्यामुळे इंजिनाच्या जोरावर कुणाला पुढे जाता येत नसे. गाडी हलकी आणि मजबूत करण्यातच सारे कसब. चालकाभोवतीच्या पिंजऱ्याला मुलांनी एक इंच व्यासाचा, तीन मिलिमीटर जाडीचा पोलादी पाइप वापरला होता. आम्ही विचारले, "हाच पाइप का?"

"नियमात आहे, सर."

"नियमात एवढाच चालतो, की दुसराही?"

मुले एकमेकांकडे पाहू लागली. एकजण म्हणाला, "सिनिअर्सनी हाच ठेवलाय. चार वर्षं हाच आहे."

नियम असा, की एक इंच आणि तीन मिलिमीटरचा पाइप घ्या, किंवा वाकण्याच्या बाबतीत त्याच्याइतका ताठ आणि मजबूत असा दुसरा. आता गणित करू. पोकळ पाइपचा ताठपणा बाहेरच्या आणि आतल्या व्यासांच्या चौथ्या घातांच्या फरकावर अवलंबून असतो, आणि वजन त्यांच्या वर्गांच्या फरकावर. २५.४ मिमी व्यास, ३ मिमी जाडी, म्हणजे आतला व्यास १९.४ मिमी. चौथ्या घातांचा फरक सुमारे २ लाख ७५ हजार. याऐवजी सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिमी व्यासाचा आणि १.६ मिमी जाडीचा पाइप घेतला तर फरक येतो सुमारे ३ लाख ५२ हजार. ताठपणा २८ टक्क्यांनी वाढला. वर्गांच्या फरकावरून वजन काढले तर ते २८ टक्क्यांनी कमी! वाकण्याची ताकदही त्याच पोलादासाठी किंचित जास्तच भरते. दहावीचा विद्यार्थी कॅल्क्युलेटर घेऊन दहा मिनिटांत हे करील. पातळ पाइपला वेल्डिंग जपून करावे लागते, आणि बाजारात तो मिळण्याचा प्रश्न असतो; म्हणून जाडच ठेवला, असे कुणी म्हणाला असता तर ते उत्तर आम्हाला पूर्ण पटले असते. पण "सिनिअर्सनी ठेवलाय" हे उत्तर नव्हे. चार वर्षांपूर्वी कुणीतरी विचार करून निर्णय घेतला असेल. निर्णय पुढच्यांकडे पोहोचला, विचार वाटेत गळून पडला.

त्या मुलांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्याकडे आलेल्या फाइलीत पाइपचे माप होते, चित्रे होती, खरेदीची बिले होती. कारण नव्हते. मार्गदर्शक प्राध्यापकांनी ते कधी मागितले नव्हते, कारण गाडी वेळेवर उभी राहणे आणि स्पर्धेत क्रमांक येणे एवढ्यावरच महाविद्यालयाचे लक्ष होते. माहितीपुस्तिकेत छायाचित्र छापले जाते ते चषकाचे.

मग हे कारण टिकते कुठे? येथे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. १९९५ साली एडवर्ड कॉइल आणि लीह जेमिसन या तेथील प्राध्यापकांनी 'एपिक्स' नावाचा उपक्रम सुरू केला. सुरुवातीला चाळीस विद्यार्थी आणि पाच गट. गटात पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचे विद्यार्थी एकत्र, प्रत्येक सत्राला थोडे श्रेयांक, आणि एकाच प्रकल्पावर अनेक सत्रे काम. प्रत्येक गटाला गावातली एक सेवाभावी संस्था जोडून दिलेली. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी त्यांना हाताळता येतील अशी खेळणी एका गटाने केली. दुसऱ्याने बेघर लोकांना मदत करणाऱ्या संस्थांसाठी माहितीची संगणकीय व्यवस्था उभारली, जीत संस्थांना एकमेकींशी माहिती वाटून घेता यावी पण कुणाचे खासगीपण उघडे पडू नये. या कामासाठी जेमिसन, कॉइल आणि त्यांचे सहकारी विल्यम ओक्स यांना २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे गॉर्डन पारितोषिक मिळाले. पुढे कॉइल जॉर्जिया टेकमध्ये गेले, आणि हीच कल्पना संशोधनाच्या प्रकल्पांना लावून त्यांनी तेथे वाढवली.

सेवाभाव चांगलाच, पण आमच्या दृष्टीने या रचनेची कळ वेगळी आहे. विद्यार्थी येतात-जातात, संस्था जागेवर असते. खेळणे मोडले की ती विचारते, का मोडले? मागच्या वर्षीच्या मुलांनी हे बटण येथे का ठेवले होते, हे तिला आठवते, कारण त्या बटणाने तिचे काम अडले किंवा सुटले होते. प्रकल्पाची स्मृती विद्यार्थ्यांच्या बाहेर कुठेतरी राहते. उपग्रहांच्या बाबतीत हे काम काही अंशी इस्रोच्या तपासणीने केले असे म्हणता येईल. अवकाशयानात काही चढवायचे तर तेथील शास्त्रज्ञ प्रत्येक आकड्यामागचे कारण मागतात आणि कंपनाच्या, तापमानाच्या, निर्वाताच्या चाचण्यांतून वस्तू पार पाडावी लागते. त्यांच्यासमोर "सिनिअर्सनी ठेवलंय" चालत नाही. स्पर्धेच्या गाडीला असा कुणी नाही. परीक्षक वर्षातून एकदा भेटतो आणि शर्यत संपली की गाडी कोपऱ्यात जाते. गट वर्षानुवर्षे चालतो खरा, पण प्रकल्प दरवर्षी नवा. आम्ही स्पर्धेच्या विरोधात नाही. रात्र रात्र जागून मुले तेथे जे शिकतात ते वर्गात शिकत नाहीत. पण तिला दीर्घ प्रकल्प म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

हे सगळे आपण अमेरिकेकडून शिकावे असेही नाही. पर्ड्यूच्या बारा वर्षे आधी, १९८३ साली, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातील पाबळला विज्ञान आश्रम काढला. तेथील तंत्रशिक्षणाचे सूत्रच असे, की मुलांनी शिकता शिकता गावाला लागणारी, गावाने पैसे मोजून घ्यावी अशी सेवा द्यायची. जमिनीचा विद्युतरोध मोजून विहिरीसाठी पाण्याची जागा सुचवणे हे त्यांतले एक काम. शेतकऱ्याने विहीर खणली आणि पाणी लागले नाही तर तो परत येऊन विचारणारच! याहून कडक तोंडी परीक्षा आम्हाला ठाऊक नाही. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी पर्ड्यूकडे पाहिले, पाबळकडे पाहिले नाही, याचे वाईट वाटते. पाबळची मुले पदवीची नव्हती, एवढेच त्याचे कारण असावे.

दीर्घ प्रकल्पांची दुसरी बाजूही मांडायला हवी. त्यांना ठेच लागते ती बहुधा गुणपत्रिकेत. आठवड्याला पंधरा-वीस तास उपग्रहाच्या खोलीत घालवणाऱ्या मुलाला त्याबद्दल किती श्रेय मिळते? अनेक ठिकाणी काहीच नाही. हा छंद मानला जातो, अभ्यास सांभाळून करायचा. परिणामी ज्याला अभ्यास सहज सांभाळता येतो तोच टिकतो. संध्याकाळची शेवटची एसटी पकडून गावी जाणारा मुलगा, वसतिगृहाचे दार लवकर बंद होते अशी मुलगी, फीसाठी अर्धवेळ काम करणारा विद्यार्थी हे गळून जातात, आणि निवड गुणवत्तेवर झाली असे आपण समजतो. पर्ड्यूने सत्रागणिक श्रेयांक दिले ते कागदी सोपस्कार म्हणून नव्हेत. श्रेयांक असले की वेळापत्रकात तास येतो, आणि तो दिवसा येतो.

शिवाय मोठ्या गटात कामाचे तुकडे पडतात. एकाकडे बॅटरी, एकाकडे रेडिओ, एकाकडे उष्णतेचा हिशेब. दोन वर्षे वीजपुरवठ्याच्या एका पट्टीवर काम करून बाहेर पडणाऱ्याला विचारावे, 'प्रथम' कशासाठी होता? त्याचे उत्तर फार सुंदर आहे. वातावरणाच्या वरच्या थरात, आयनांबरात, मोकळे इलेक्ट्रॉन असतात. त्यांतून जाताना रेडिओलहरींच्या कंपनाचे प्रतल फिरते, आणि ते किती फिरले यावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन होते ते काढता येते. उपग्रहाने दोन वेगवेगळ्या वारंवारतांवर लहरी सोडायच्या आणि जमिनीवरच्या केंद्रांनी मोजायचे. ही केंद्रे इतर महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या ठिकाणी उभारावीत, अशी योजना होती. आमच्या मते प्रक्षेपणापेक्षा हा भाग महत्त्वाचा, कारण ज्यांना उपग्रह बांधण्याची संधी कधीच मिळणार नाही त्यांच्या गच्चीवर तो यामुळे उतरला. वर्तमानपत्रांनी त्याला एखाददुसरी ओळ दिली.

शाळेच्या शिक्षकांना यात काय, असे कुणी विचारील. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेने गटाने प्रकल्प करण्याची सवय शाळांना लावली, हे तिचे श्रेय. पण तिचा विषय दर दोन वर्षांनी बदलत असे, आणि विषयाबरोबर प्रकल्पही बंद पडत. एका तुकडीने सुरू करून दुसरीने चालवायचे, असे शाळेत सहसा काही नसते.

एका खेड्यातल्या शाळेत मात्र आम्हाला अशी एक वही पाहायला मिळाली. शाळेजवळच्या विहिरीतले पाणी किती खोल आहे हे नववीची मुले दर आठवड्याला दोराला दगड बांधून मोजतात आणि दहावीत जाताना वही खालच्या वर्गाला देतात. तिसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये, पाऊस पडण्याआधीच, पाणी एकाएकी पाऊण मीटर वर आलेले दिसत होते. नव्या मुलांनी आनंदाने आलेख काढला. मग एका मुलीने मागच्या वर्षीच्या ताईला घरी जाऊन विचारले. ती तुकडी कठड्याच्या वरून दोर सोडत असे, ही जमिनीच्या पातळीपासून मोजत होती. कठड्याची उंची पंचाहत्तर सेंटिमीटर. त्या पानावर लाल शाईने चौकट करून लिहिले आहे: "कठड्याच्या वरच्या कडेपासून मोजावे. पूर्वेच्या बाजूला रंगाची खूण केली आहे. असे का, ते मागच्या पानावर वाचा."